पिराच्या दारातली नवरी

सोमवार, अहमदाबाद

शाहीबागेतल्या मूसा सुहाग यांच्या दर्ग्यावर फुलं, अगरबत्ती आणि चादरीबरोबर काचेच्या बांगड्याही वाहतात. लाल, हिरव्या, जशा मिळतील तशा. ज्यांना त्या वाहायच्या ते मूसा सुहाग पंधराव्या शतकातले सूफी. इ.स. १४४९ साली ते गेले. जन्माने पुरुष, पण आयुष्यभर हातात बांगड्या, अंगावर नवरीचे कपडे. लोकांनी आपल्याला संत म्हणून ओळखू नये म्हणून ते हिजड्यांच्या वस्तीत राहिले, त्यांच्याबरोबर नाचले, गायले.

इस्लामी गूढवादात स्त्री आणि पुरुष ही प्रतीकं कशी वापरली जातात, हे मी पुस्तकांतून बरीच वर्षं वाचत आले आहे. धर्माचं मानवशास्त्र हा माझा अभ्यासाचा विषय. पण प्रतीक पुस्तकात राहत नाही. ते कोणीतरी अंगावर घालतं, गळ्यातून गातं, आणि त्याच प्रतीकाच्या दारात कोणालातरी थांबवलं जातं. हे सगळं एका ओळीत बघावं म्हणून अहमदाबादहून निघून खुलताबाद, गुलबर्गा आणि विजापूर असा बेत केला. सुरुवात इथूनच करायची हे मात्र पहिल्यापासून ठरलेलं होतं.

मूसा सुहागांची मुख्य कथा पावसाची. एका वर्षी पाऊस पडेना. शहराचे मोठे लोक या वस्तीत आले आणि दुवा मागा म्हणाले. मूसांनी आभाळाकडे बघून आपल्या धन्याला सांगितलं: पाऊस पाड, नाहीतर या बांगड्या आत्ता फोडते. आणि हात उचलला. पाऊस आला. दुसरी कथा पांढऱ्या कपड्यांची. शहरातल्या धर्मशास्त्र्यांनी त्यांना पुरुषासारखे पांढरे कपडे घालून मशिदीत नेलं. नमाज चालू असताना ते कपडे लालभडक झाले. मूसा म्हणाले, माझा नवरा म्हणतो सुहागन राहा, आणि हे लोक म्हणतात विधवा हो.

यामागची धारणा सरळ आहे. ईश्वर हा एकच पती, बाकी सारी सृष्टी त्याची वधू. त्याच्यासमोर पुरुषपण मिरवणं म्हणजे अहंकार. मूसांच्या मागे सदा सुहागी नावाची फकिरांची शाखाच निघाली. ते फकीरही बांगड्या घालत. मराठी वाचकाला हे परकं वाटणार नाही. ज्ञानदेवांच्या विरहिण्या, एकनाथांच्या गवळणी, हे सगळं पुरुषांनी स्त्रीच्या गळ्याने म्हटलेलं आहे.

पण पावसाच्या कथेवर मी थोडी जास्त अडले. बांगड्या फोडण्याची धमकी चालते, कारण बांगड्या फुटणं म्हणजे वैधव्य. बाईच्या आयुष्यातली सर्वांत कठोर सामाजिक शिक्षा या संताने उचलली आणि ती थेट ईश्वरावर रोखली. खऱ्या विधवेच्या हाती असं कुठलंच शस्त्र नसतं. तिच्या बांगड्या फोडल्या जातात, तेव्हा ती कोणाला धमकावत नसते. म्हणजे संताच्या प्रार्थनेतलं बळ बायकांच्या दुःखातून आलेलं आहे. मला यात फसवणूक दिसत नाही. ते दुःख त्यांनी हलकं केलेलं नाही, उलट आभाळापर्यंत नेलं. तरी ते आलं कुठून, हे विसरून या कथेचं कौतुक करणं मला जमत नाही.

दर्ग्याच्या अंगणात एक वयस्क हिजडा बसल्या होत्या. मी सलाम केला, त्यांनी जवळ बसवून घेतलं. तुम्ही मन्नत मागायला आलात का, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, “बेटा, मन्नत तो सब माँगते हैं। हम इसलिए आते हैं कि वो हमारे बीच रहे थे।” साध्या स्वरात सांगितलं आणि पुन्हा माळ ओढू लागल्या. विद्वानांच्या लेखी मूसांचा वेष हे एक रूपक आहे. या बाईंच्या लेखी तो शेजार आहे.

मंगळवार, खुलताबाद

रात्रभर बस. सकाळी छत्रपती संभाजीनगरला उतरले. उर्दू शिकवणारी माझी एक मैत्रीण इथून पुढे सोबत असणार होती. दौलताबादचा किल्ला मागे टाकून घाट चढला की खुलताबाद. इथल्या सूफींच्या कबरींची गणती करत बसण्यात अर्थ नाही. बुऱ्हाणुद्दीन गरीब (मृत्यू १३३७), त्यांच्याआधी आलेले त्यांचे भाऊ मुंतजिबुद्दीन जर जरी जर बक्ष, बुऱ्हाणुद्दीन यांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन शिराझी. जैनुद्दीन यांच्या आवारात उघड्या आभाळाखाली औरंगजेबाची कबर आहे, आणि येणारे बहुतेक जण तिथे पोचून परततात.

आम्ही आलो होतो अमीर हसन सिज्झी यांच्यासाठी. दिल्लीचा हा फारसी कवी सूफी संत निजामुद्दीन औलियांचा मुरीद, म्हणजे शिष्य, होता. १३०८ ते १३२२ या काळात औलियांच्या बैठकींत जे बोलणं झालं, ते त्याने टिपून ठेवलं. ‘फवाइद-उल-फुआद’ या नावाने ते आज वाचायला मिळतं. मुहंमद तुघलकाने दिल्लीची माणसं दौलताबादला हलवली, त्यात हसनही आले, आणि इथेच मातीआड झाले. खुलताबादला जाणाऱ्यांपैकी फार थोडे लोक त्यांच्या कबरीपर्यंत जातात, याची मला खंत वाटते. या माणसाच्या लेखणीमुळे दिल्लीच्या बीबी फातिमा साम यांच्याबद्दलचं औलियांचं मत आपल्यापर्यंत आलं.

फातिमा साम तेराव्या शतकातल्या. औलियांचे गुरू बाबा फरीद त्यांना बहीण मानत. दिल्लीत काकानगरात त्यांची कबर आजही आहे. त्यांच्याविषयी बोलताना निजामुद्दीन म्हणाले, त्याचा आशय असा: सिंह जंगलातून बाहेर आला की तो नर की मादी हे कोणी विचारत नाही.

हसनांच्या कबरीजवळ बसून मैत्रिणीने औलियांचं ते वाक्य मूळ फारसीत वाचून दाखवलं आणि लगेच अत्तारची आठवण काढली. फारसी कवी फरीदुद्दीन अत्तारने संतचरित्रांच्या ग्रंथात बसऱ्याच्या राबियाला (मृत्यू ८०१) जागा दिली. पुरुषांच्या रांगेत बाई कशी, या शंकेला त्याचं उत्तर असं की ईश्वराच्या वाटेवर बाई पुरुष झाली की तिला बाई म्हणता येत नाही. दोन्ही वाक्यं स्तुतीचीच आहेत, आणि व्याख्यानांत ती सर्रास एका दमात सांगितली जातात. मला ती एक वाटत नाहीत. अत्तार राबियाला पुरुषपण बहाल करतो. म्हणजे मोठेपणाचं माप पुरुष हेच राहतं. औलिया ते मापच बाजूला ठेवतात. जंगलातून आलेल्या सिंहासमोर उभं राहिलेल्या माणसाला पळायचं असतं, नर-मादी ठरवायचं नसतं.

या बायका अपवाद होत्या असं समजू नये. निशापूरच्या सुलमीने (मृत्यू १०२१) ८०हून अधिक सूफी स्त्रियांची चरित्रं एका स्वतंत्र पुस्तकात लिहिली होती. ते हरवलं असंच सगळे धरून चालले होते. विसाव्या शतकात त्याचं हस्तलिखित रियाधमध्ये सापडलं. त्या पुस्तकात गुरू असलेल्या बायका आहेत, पुरुषांना फटकारणाऱ्या आहेत, भर सभेत प्रश्न विचारणाऱ्या आहेत. प्रतीकांबद्दल बोलताना हाडामांसाच्या या बायका विसरल्या की सगळी चर्चा हवेत जाते.

मैत्रीण म्हणाली, “तू प्रतीकांवर प्रेम करतेस. मला दारं बघायची आहेत. कोणाला आत घेतात, कोणाला नाही, तेवढंच मी बघणार.”

मी म्हटलं, दोन्ही बघू.

बुधवार, वेरूळवरून गुलबर्ग्याकडे

सकाळी वेरूळला गेलो. लेणी मैत्रिणीने पाहिलेली, मीही पाहिलेली. मला हा परिसर बघायचा होता तो संत बहिणाबाईंसाठी. त्यांचा जन्म इथल्याच टापूतल्या देवगावचा, १६२८चा. बाईच्या देहाला वेदांचा अधिकार नाही, मग परमार्थ साधायचा कसा, हा प्रश्न त्यांनी आपल्या अभंगांतून उघड विचारला. खुलताबादचा डोंगर आणि बहिणाबाईंचं गाव यांत फारसं अंतर नाही. एका बाजूला पुरुष ईश्वरासमोर बाई होण्यासाठी झुरत होते, आणि त्याच भागातली एक बाई बाईपणामुळे बंद झालेल्या दारासमोर उभी होती. दोन्ही परंपरा वेगळ्या आहेत, त्या एकमेकींवर घालून बघायचा माझा आग्रह नाही. पण हा भूगोल मनातून जात नाही.

मग सोलापूरमार्गे लांबचा प्रवास. खिडकीबाहेर तुरीची शेतं. मैत्रिणीच्या मांडीवर रूमीच्या ‘मसनवी’ या दीर्घकाव्याचा पहिला खंड. दिवसभराच्या प्रवासात आम्ही त्यातल्या एकाच कथेवर बोलत राहिलो: वाळवंटातला गरीब अरब आणि त्याची बायको.

बायको गरिबीला कंटाळून नवऱ्याला बोलते, तो संतोषाचं प्रवचन देतो, ती रडते, तो नमतो आणि शेवटी दोघं मिळून खलिफाला पावसाच्या पाण्याचा एक माठ भेट पाठवायचं ठरवतात. या कथेत जलालुद्दीन रूमी (१२०७–१२७३) स्त्रीबद्दल दोन गोष्टी सांगतो. एके ठिकाणी तो म्हणतो की स्त्री ही ईश्वराचा किरण आहे, नुसती प्रेयसी नव्हे. ती जणू निर्माण करणारी आहे, निर्माण झालेली नव्हे. आणि थोडं पुढे गेल्यावर तोच रूमी कथेचा अर्थ उलगडताना सांगतो की नवरा म्हणजे बुद्धी आणि बायको म्हणजे नफ्स, वासनांकडे ओढणारं मन.

रूमीला स्त्रियांचा कैवारी ठरवायचं असेल तर पहिला भाग उचलतात, स्त्रीद्वेष्टा ठरवायचं असेल तर दुसरा. दोन्ही माणसं पुस्तक अर्धंच वाचतात. माझ्या मते रूमीच्या मनात स्त्री ही एक जागा नाहीच. ती दोन टोकांना उभी आहे. खाली नफ्स म्हणून, वर निर्मितीची शक्ती म्हणून. पुरुष मधोमध, बुद्धी म्हणून. तो चढायला लागला की त्याला आधी एका स्त्रीला आवरावं लागतं आणि शेवटी दुसरीसारखं व्हावं लागतं. कथेतही तेच घडतं बघा: बायकोच्या हट्टामुळेच नवरा घराबाहेर पडतो आणि खलिफाच्या दारी पोचतो. तिने तगादा लावला नसता तर तो आपल्या संतोषात बसूनच राहिला असता.

सूफी तत्त्वज्ञ इब्न अरबी (११६५–१२४०) याच्या फार पुढे गेला. त्याचं म्हणणं, ईश्वराचं सर्वांत पूर्ण दर्शन पुरुषाला स्त्रीच्या ठायी होतं. ईश्वरासमोर सगळीच सृष्टी घेणारी, धारण करणारी आहे, म्हणून स्त्रीपण ही सृष्टीचीच अवस्था. पण मला तो आवडतो तो वेगळ्या कारणासाठी. त्याने हे प्रतीक जमिनीवर आणलं. तरुणपणी स्पेनमधल्या सेविल्यात फातिमा बिंत अल-मुसन्ना नावाच्या नव्वदी ओलांडलेल्या गुरूची त्याने सेवा केली, आणि ते अभिमानाने लिहून ठेवलं. आध्यात्मिक अधिकाराच्या ज्या पायऱ्या आहेत त्या सगळ्या, अगदी सर्वोच्च ‘कुत्ब’पदसुद्धा, स्त्रीला मिळू शकतात असं त्याने म्हटलं. स्त्रीने नमाजात पुरुषांची इमामत, म्हणजे नेतृत्व, करण्यालाही त्याची मान्यता होती. आठशे वर्षांपूर्वी.

“मग त्याच्या शिष्यांनी काय केलं?” मैत्रिणीने विचारलं. शिष्यांनी दर्शन उचललं आणि इमामतीचा मुद्दा पानांत राहू दिला. हे मलाही मान्य करावं लागलं.

गुरुवार, गुलबर्गा

ख्वाजा बंदानवाज गेसूदराज यांच्या दर्ग्यात गुरुवारी यावं. सकाळपासून गर्दी वाढत जाते, त्यात बायका अधिक. बांगड्यांची, फुलांच्या सेहऱ्यांची दुकानं. गेसूदराज १३२१ साली दिल्लीत जन्मले, लहानपणी वडिलांबरोबर दौलताबादला आले, पुन्हा दिल्लीला गेले, आणि तैमूरच्या स्वारीच्या वेळी, १३९८ मध्ये, उतारवयात दिल्ली सोडून दख्खनला निघाले. फिरोजशहा बहमनीच्या काळात गुलबर्ग्यात स्थिरावले. १४२२ साली इथेच गेले. शंभरी गाठलेला हा संत इब्न अरबीच्या विचारांचा टीकाकार होता, हे मुद्दाम सांगते, कारण सगळे सूफी एकाच सुरात बोलत असा समज पसरलेला आहे.

घुमटाच्या आत बायका जात नाहीत. दिल्लीत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यातही तसंच आहे; त्याविरुद्ध कायद्याच्या विद्यार्थिनींनी डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. मुंबईच्या हाजीअलीला २०१२च्या सुमारास अशीच बंदी आली, आणि २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. म्हणजे बंदी सगळीकडे सारखी नाही आणि सनातनही नाही. दिल्लीतच अधचिनीला औलियांच्या आई बीबी झुलेखा, माईसाहेबा, यांचा दर्गा आहे. तिथे बायकांचाच राबता असतो.

आम्ही भिंतीशी बसलो. शेजारच्या बाईने सरकून जागा दिली. मैत्रिणीने तिला विचारलं, आत जावंसं वाटत नाही का? ती म्हणाली, “अंदर मर्दां जातें, अम्मा। हमें यहाँ से बोले तो बी सुनतें।” दख्खनीतलं हे वाक्य ऐकून मैत्रीण मला म्हणाली, बघ, सवय. मला ती नुसती सवय वाटली नाही. त्या बाईच्या बोलण्यात तक्रार नव्हती हे खरं, पण शरणागतीही नव्हती. तिचं आणि पिराचं बोलणं चालू आहे, भिंत कुठे आहे याची तिला फिकीर नाही, असा तो सूर होता. म्हणून दार बंद ठेवणं योग्य ठरतं असं नाही. तिला फिकीर नसणं ही तिची ताकद आहे, दर्ग्याची सोय नव्हे.

संताच्या पुण्यतिथीला उरूस म्हणतात, म्हणजे लग्न. मृत्यू हा ईश्वराशी विवाह, ही कल्पना इथे शब्दांत राहत नाही, विधींत उतरते. उरसाच्या आधी संदल निघतो. चंदनाचा लेप मिरवत आणून कबरीला लावतात, जशी लग्नाआधी हळद लागते. फुलांचा सेहरा बांधतात. चादर चढवतात. उत्तरेत बहराइचला सालार मसूद गाझी यांच्या दर्ग्यावर जेठ महिन्यात तर वऱ्हाडच न्यायची प्रथा आहे.

आता इथे एक गंमतीचा नव्हे, गंभीर प्रश्न आहे. या लग्नात नवरी कोण? ईश्वर पती म्हटला तर संत नवरी. पण सेहरा तर नवरदेवाचा, आणि वऱ्हाड घेऊन येणाऱ्यांच्या लेखी संत हाच नवरदेव. म्हणजे एकच माणूस वर बघताना स्त्री आहे आणि खाली बघताना पुरुष. कव्वाल गातात तेव्हा मुरीद पिरासमोर विरहिणी होतो. तोच मुरीद घरी गेला की घरधनी. सूफी विचारात स्त्री-पुरुष हे देहाचं वर्णन नसून नात्यातली जागा आहे, हे मी वाचून जाणत होते. गुलबर्ग्याच्या अंगणात सेहरे विकत घेणाऱ्यांकडे बघताना ते मला पटलं.

शिवाय ही जागा मुलखागणिक बदलते. अरबी-फारसी काव्यात साधक बहुतेक वेळा मजनू असतो आणि ईश्वर लैला. प्रेम करणारा पुरुष, मिळत नाही ती स्त्री. युसूफच्या प्रेमात पडलेली फारसीतली झुलेखा वाट बघते, पण ती अपवादाला जवळची. हिंदुस्थानात आल्यावर पारडं फिरलं. साधक बाई झाला. सिंधमधले शाह अब्दुल लतीफ (१६८९–१७५२) आपल्या काव्यात वाळवंट तुडवणाऱ्या, नदीत उडी घेणाऱ्या नायिकांनाच आत्मा मानतात. इथल्या लोकगीतांत विरहाची भाषा बाईची होती, म्हणून सूफींनी ती घेतली.

संध्याकाळी परतताना बीबी रझा महिला महाविद्यालयाची पाटी दिसली. बीबी रझा या गेसूदराजांच्या पत्नी, आणि हे महाविद्यालय दर्ग्याच्या घराण्याने उभारलेल्या संस्थेचंच. ज्या घराण्याच्या घुमटात बाई जात नाही, त्याच घराण्याने मुलींसाठी महाविद्यालय काढलं. मैत्रीण पाटीकडे बघत म्हणाली, “हे दार उघडं आहे, हे मी लिहून ठेवते.”

शुक्रवार, विजापूर

सिंदगीमार्गे दुपारी पोचलो. गोलघुमट दुरूनच दिसला, जवळ गेलो नाही. इब्राहिम रोजा मात्र बघितला, कारण दुसरा इब्राहिम आदिलशहा (राज्य १५८०–१६२७) याने ती वास्तू आपल्या बेगमेसाठी, ताज सुलतानासाठी, बांधायला घेतली. आणि हाच राजा आपल्या पदांत सरस्वतीला आई म्हणतो. संध्याकाळी असार महाल. पैगंबरांचे केस जतन केलेली ही वास्तू. बायकांना इथे आत प्रवेश नाही. समोरच्या तळ्याच्या काठावर बसून आम्ही उद्याच्या तयारीला लागलो.

मैत्रिणीने हाशमी विजापुरीचं वाचलं. हा सतराव्या शतकातला दख्खनी कवी (मृत्यू १६९७), डोळ्यांनी अधू. त्याने झुलेखेची कथा लिहिली आणि गझला बाईच्या तोंडी घातल्या. आणि मी वाचलं ते कॅरोलाइन बायनम या अभ्यासिकेचं. ती मध्ययुगीन ख्रिस्ती धर्माची इतिहासकार, पण १९८६ साली तिने मांडलेला मुद्दा इथेही लागू पडतो असं मला वाटतं. एकच प्रतीक पुरुष वापरतो तेव्हा त्यात उलटापालट असते; तो आपली सत्ता खाली ठेवतो, बाई होतो, गरीब होतो. बाई तेच प्रतीक वापरते तेव्हा तिच्यासाठी ते तिच्या आयुष्याचंच पुढचं पाऊल असतं. तिला उलटं काही व्हावं लागत नाही. मानवशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नरने विधींतल्या अशा उलटापालटीबद्दल १९६९ मध्ये लिहिलं होतं, पण ती उलटापालट कोणाला परवडते, हा प्रश्न बायनमने विचारला. वर असलेल्यालाच खाली उतरता येतं. मूसांचा वेष आठवा, आणि त्या अंगणातल्या बाईंचं ते “हमारे बीच” आठवा.

शनिवार, विजापूर, शाहपूरची टेकडी

शहराच्या वायव्येला टेकडीवर पांढरे घुमट. मीरांजी शम्सुल उश्शाक, त्यांचे पुत्र बुऱ्हाणुद्दीन जानम, आणि नातू अमीनुद्दीन आला (मृत्यू १६७५) हे चिश्ती या सूफी संप्रदायातलं घराणं इथे आहे. या लोकांनी फारसी बाजूला ठेवून दख्खनीत लिहिलं, कारण त्यांच्याकडे येणाऱ्यांना फारसी येत नव्हती. मीरांजींच्या ‘खुशनामा’त खुशनुदी नावाची एक मुलगी आहे. तिला दागिन्यांचा, सजण्याचा कंटाळा आलाय, ती पिराला जगाबद्दल, आत्म्याबद्दल प्रश्न विचारते. उत्तरं पीर देतो, पण ग्रंथ चालतो तो तिच्या विचारण्यावर.

या भूमीतल्या सूफींनी आणखी एक गोष्ट केली. चक्कीनामा, चर्खानामा, लोरीनामा, सुहागननामा असे गीतप्रकार रचले. दळताना, सूत काढताना, मूल झोपवताना म्हणायचे. चक्कीनाम्यात जात्याचा खुंटा हा अलिफ होतो, अल्लाच्या नावाचं पहिलं अक्षर. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी १९७४ साली दाखवून दिलं की दख्खनच्या खेड्यांत इस्लामच्या कल्पना पसरल्या त्या मोठ्या तत्त्वग्रंथांमुळे नव्हे, तर बायकांच्या कामाच्या गाण्यांमुळे; आणि ज्या मांडीवर मुलं झोपत तिथून त्या पुढच्या पिढीत गेल्या.

हा सिद्धांत मला मोलाचा वाटतो. पण जात्यावरच्या ओव्या ज्या प्रदेशात घरोघरी होत्या, तिथल्या माणसाला एक प्रश्न पडतोच. हेमा रैरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांतली प्रत्येक ओवी बाईची स्वतःची आहे. चक्कीनामा पुरुषाने रचला. मग दळणारीने तो जसाच्या तसा म्हटला का?

टेकडीच्या पायथ्याशी एक म्हातारी नातीबरोबर बसली होती. मैत्रिणीने दख्खनीत गप्पा सुरू केल्या. चक्कीची गाणी? हौ, येतात. दळण गिरणीत गेलं, पण लग्नात हळद अजून चक्कीवरच दळतात, तेव्हा म्हणतात. कोणी शिकवलं? सासूने. तिला? तिच्या सासूने. पिराचं नाव येतं, अल्लाचं येतं, खुंट्याचा अलिफ येतो. मग म्हातारीने स्वतःहून सांगितलं की माहेराचं कडवं तिने घातलंय, कारण तिची बहीण बाळंतपणात गेली आणि प्रत्येक लग्नात तिची आठवण निघते. पिराने रचलेल्या सुहागनीच्या शेजारी तिने आपली बहीण बसवली होती. आणि गाणाऱ्या बायकांपैकी कोणालाच ते खटकलं नव्हतं. आता नातही तेच शिकली आहे.

मी मैत्रिणीकडे बघितलं. तिने मान हलवली, पण म्हणाली, “घुमट तरीही बंदच आहे.” बरोबर आहे. मी तो मुद्दा सोडलेला नाही. पण ज्या गाण्यात पुरुषाने बाईचा आवाज घेतला, त्या गाण्यात बाई परत शिरली आणि कडवं वाढवून गेली, हे कुठल्या हस्तलिखितात नाही. ते शोधायला आम्हाला इथेच यावं लागलं.

गाणं रेकॉर्ड करू का, म्हणून विचारलं. म्हातारीने हात आडवा केला, “नक्को। शादी में आव, बैठके सुनो।” नातीच्या थोरल्या बहिणीचं लग्न रजब महिन्यात आहे. मैत्रिणीने पत्ता आणि तारीख लिहून घेतली. पुरुष जेवून बाहेर गेले की मगच चक्कीची गाणी सुरू होतात, दार आतून लावून घेतात, तेव्हा रात्री मुक्कामाच्या तयारीने या, हे म्हातारीने दोनदा बजावलं.